जसंच्या तसं

बंदराच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक अरुंद खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळं बंदर ‘परत बाई’ म्हणायचं. समोरच्याने सूचनेला नुसतं ‘हो’ म्हटलं की बाई चष्म्यावरून बघत आणि एकच शब्द बोलत, “परत.” मग त्या माणसाला अख्खी सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवावी लागे. पाठीमागे कुणी नक्कल केली तरी बाईंना राग येत नसे. नाव ठेवतात म्हणजे लक्षात ठेवतात, असं त्यांचं म्हणणं.

बाई समुद्रावरचं इंग्रजी शिकवत आणि त्याची तोंडी परीक्षा घेत. शाळेत जे घोकण्यात आपली निम्मी उमेद खर्ची पडते, ते हे इंग्रजी नव्हे. ते भारी नटवं. साध्या ‘चालेल’साठी त्याच्याकडे दहा शब्द, आणि दहाही असे गुळमुळीत की माणूस परवानगी मागतोय, देतोय की नुसता अंदाज बांधतोय ते कळू नये. रेडिओच्या खरखरीत असला गुळमुळीतपणा जहाज बुडवतो. म्हणून समुद्रावर ते शब्द सरळ बंद. वाक्याच्या आधीच सांगायचं की पुढे काय येतंय. प्रश्न असेल तर ‘क्वेश्चन’, धोका असेल तर ‘वॉर्निंग’, हुकूम असेल तर ‘इन्स्ट्रक्शन’, आपला बेत असेल तर ‘इन्टेन्शन’. तीनला ‘ट्री’ म्हणायचं आणि नऊला ‘नाइनर’. शाळेत असं म्हटलं असतं तर छडी बसली असती, इथे नाही म्हटलं तर गुण जातात. जहाजाच्या डाव्या अंगाला पूर्वी वेगळंच नाव होतं. ते उजव्या अंगाच्या नावासारखं कानाला लागायचं आणि वादळात घोटाळे व्हायचे, म्हणून पावणेदोनशे वर्षांपूर्वी हुकूम काढून ते नावच मोडीत घातलं. बाई हे दर वर्गात सांगत. इतर भाषा बोलणाऱ्यांनी घडवल्या, ही बुडणाऱ्यांनी घडवली, असं त्या म्हणत, आणि मागच्या बाकावरची कुजबुज तेवढ्यापुरती थांबे.

या भाषेला मालक नाही. कुणी ती घशातून बोलतो, कुणी नाकातून, कुणी प्रत्येक शब्दाच्या शेवटी एक ‘अ’ चिकटवतो, कुणी शेवटचं अक्षर खाऊन टाकतो. आवाज ऐकून कप्तान कोणत्या किनाऱ्याचा ते बाई बिनचूक सांगत. गंमत अशी की ज्यांची ती मायबोली, तेच सगळ्यात त्रासाचे. ते गप्पा मारतात, विनोद करतात, अर्धं वाक्य गिळतात. असे दोन मायबोलीवाले बाईंनी एकाच दिवशी नापास केले होते, आणि ते दोघे जिन्यात उभे राहून आपल्याच भाषेत बाईंना शिव्या देत होते. त्या शिव्यांचे उच्चार मात्र उत्तम होते.

आणि सगळ्याच्या वर एक नियम. सूचना मिळाली की ती जशीच्या तशी परत म्हणायची. ऐकलं काय, कळलं काय, हे सांगणाऱ्याला त्यातून समजतं. या नियमावर बाईंचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. बावीस वर्षं त्या तोच शिकवत आल्या होत्या.

बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा पायलट लाँचवर तांडेल होता. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे. बाहेरून आलेल्या मोठ्या जहाजाला खडक आणि वाळूचे बांध चुकवून आत आणणारा वाटाड्या. त्याला लाँचमधून जहाजापर्यंत नेऊन दोरशिडीवर चढवायचं आणि काम झालं की परत आणायचं, हे तांडेलाचं काम. माणूस नाकासमोर चालणारा, कमी बोलणारा आणि पाण्यातला असा वस्ताद की लाँच जहाजाच्या पोटाला टेकली तरी पायलटच्या हातातला चहा हिंदकळत नसे. पण इंग्रजीच्या नावाने आवळ्याएवढं पूज्य. आजवर त्यावाचून अडलंही नव्हतं, कारण रेडिओवर पायलटच बोलायचा.

मग नवा नियम आला. ज्याच्या हातात सुकाणू त्याच्याकडे रेडिओचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर त्याने धक्क्यावर दोर ओढावेत. तांडेल दोनदा परीक्षेला बसला आणि दोन्ही वेळा बाईंनीच त्याला नापास केलं. नात्यातल्या माणसाची परीक्षा घेऊ नये, हे बाईंनाही कळत होतं, पण अख्ख्या बंदरात परीक्षक एकच. दुसऱ्या वेळेनंतर धाकटी महिनाभर ताईशी बोलली नाही. तिसऱ्या वेळेच्या आदल्या दिवशी मात्र ती आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, की हे पाण्यावरून उतरले तर घरात बसून कुजतील, एवढंच ध्यानात ठेव.

तिसऱ्या परीक्षेला तांडेल इस्त्रीचा सदरा घालून आला. बाईंनी ठरलेल्या तीनशे वाक्यांच्या पुस्तकातलं बारावं वाक्य विचारलं, एकशे चाळिसावं विचारलं, मग उलटं येत तिसरं. प्रत्येकाचं उत्तर खणखणीत. ‘ट्री’ म्हणजे ‘ट्री’, ‘नाइनर’ म्हणजे ‘नाइनर’. बाई चकितच झाल्या. तीनशेंतलं कुठलंही विचारा, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी पुस्तक मिटलं आणि इंग्रजीतच विचारलं, की खिडकीतून तुम्हाला काय दिसतंय ते सांगा.

तांडेलाने तो प्रश्न जसाच्या तसा परत म्हटला. बाईंच्या आवाजातला चढउतारसुद्धा त्यात आला. मग तो थांबला आणि आता पुढचं विचारा अशा चेहऱ्याने हसला.

दाराच्या काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेली धाकटी दिसत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, लहानपणी निकालाच्या दिवशी गुंडाळायची तशी. बाईंनी स्वतःला समजावलं, की प्रश्न पुस्तकाबाहेरचा होता. माणसाला पाणी वाचता येतं, मग वाक्यं नाही वाचता आली म्हणून काय झालं? त्यांनी ‘उत्तीर्ण’वर खूण केली आणि सही ठोकली. भीड ही भिकेची बहीण, हे त्यांना सही करतानाच आठवलं होतं. पण शाई तोवर वाळायला लागली होती.

दोन महिने बरे गेले. धाकटी पुन्हा ताईकडे येऊ-जाऊ लागली.

बाईंचं आणखी एक काम होतं. दर आठवड्याला वाहतूक कक्षातल्या संभाषणांतली वीस-पंचवीस ध्वनिमुद्रणं कुठूनही उचलायची, कानाला यंत्र लावून ऐकायची आणि चुका टिपायच्या. वाहतूक कक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची काचेची खोली. तिथे बसून ऑपरेटर रडारच्या पडद्यावर ठिपके बघतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीला सूचना देतो. दिवसाच्या पाळीच्या ऑपरेटरला सगळे काका म्हणायचे. तो जाडजूड, गमत्या माणूस. जिन्यात भेटला तेव्हा बाईंना म्हणाला, “तुमचे मेहुणे म्हणजे हिरा आहे बघा. सांगितलेलं एक अक्षर गाळत नाहीत. असे चार तांडेल मिळाले तर मी खुर्चीत झोपा काढीन.”

बाईंनी त्या आठवड्यात मुद्दाम तांडेलाचीच मुद्रणं काढली. पहिली चार ऐकताना त्यांची मान अभिमानाने डोलली. पाचव्यात काका चुकला होता. उत्तरेच्या खुणेपाशी थांबा, असं म्हणून गेला, मग घसा खाकरला, चूक झाली, दक्षिणेच्या, असं सुधारलं. तांडेलाने ते सगळं परत दिलं. उत्तरेची खूण, चूक झाली हे शब्द, दक्षिणेची खूण, एवढंच नव्हे तर मधला खाकरासुद्धा. पुढे काकाचा आवाज आला, शाब्बास.

बाईंनी मुद्रण मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. खाकरा होताच. जो नियम न समजणाऱ्याला उघडं पाडण्यासाठी होता, त्याच्याच आडोशाला हा माणूस आरामात बसला होता. आणि आडोशाची किल्ली बाईंनीच दिली होती.

संध्याकाळी त्या बहिणीकडे गेल्या. दाराशी चपलांचा ढीग बघून त्यांना वाटलं, कुणी गेलं-बिलं की काय. आतून एका सुरात आवाज येत होता. पुढच्या खोलीत सतरंजीवर नऊ-दहा दणकट बाप्ये मांडी घालून बसले होते. कुणी टगबोटीवरचा, कुणी पाणी पुरवणाऱ्या बोटीवरचा, कुणी गाळ उपसणाऱ्या बोटीवरचा. इस्त्रीच्या टेबलाला टेकून धाकटी पुस्तक हातात धरून उभी होती. ती एक वाक्य वाचायची आणि सगळे ते परत म्हणायचे, पाढे म्हणावेत तसे. धाकटीला त्यातला एक शब्द समजत नव्हता. अक्षरं तेवढी वाचता येत होती.

“ये ना ताई,” ती फुलून म्हणाली. “बघ, तुझी शाळा मी इथे घातलीय. ह्यांचीच पद्धत. पहाटे चार वाक्यं, संध्याकाळी चार. सगळे पटापट पास होतायत.”

बाईंनी त्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. त्यांतले सात त्यांनी स्वतः पास केले होते. गेल्या दोन महिन्यांत परीक्षेचा निकाल एकदम सुधारला म्हणून बंदर अधिकाऱ्यांनी त्यांचं कौतुकही केलं होतं, आणि आपल्या शिकवण्याला उशिरा का होईना फळ आलं असं मानून बाईंनी ते घेतलं होतं. समोर बसलेल्या गाळबोटीच्या तांडेलाला त्यांनी सोप्या इंग्रजीत विचारलं, तुमचं नाव काय. दाढीवाला, पन्नाशीचा माणूस तो. त्याने छाती काढून विचारलं, तुमचं नाव काय. सगळे खो खो हसले, धाकटीही हसली. बाईंना हसू येईना.

मेहुणे मागच्या पायरीवर दोर विणत बसले होते. बाई त्यांच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, “तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, हो ना?”

तांडेलाने मान वर केली नाही. लपवायचाही प्रयत्न केला नाही. “नाही कळत. सुरुवातीला कळून घ्यायला बघायचो, तेव्हा चुकायचो. आता रेडिओ वाजला की मी डोकं बाजूला ठेवतो, ताई. आलं ते कानातून तोंडात. परत दिलं की माणसं गप्प बसतात. मग मी पाण्याकडे बघतो आणि माझं काम करतो.”

“आणि पाणी दिसलं नाही तर?”

“पाणी दिसत नाही असं कधी झालंय का?”

बाईंनी त्याला सोडलं नाही. रोज तासभर शिकवते म्हणाल्या. नुसती शंभर वाक्यं, पण अर्थासकट. तो बरं म्हणाला आणि तीन दिवस आलाही. पण त्याचं तंत्र आता इतकं पक्कं झालं होतं की बाईंनी अर्थ सांगितला की तो अर्थही परत म्हणायचा. बाई म्हणत, हे म्हणजे तुम्ही थांबायचं. तो म्हणे, हे म्हणजे तुम्ही थांबायचं. दोघं एकमेकांकडे बघत बसायची. चौथ्या दिवशी धाकटीनेच निरोप पाठवला, की ह्यांना उगाच घाबरवू नकोस, त्यांना झोप लागत नाही.

झोप बाईंनाही लागत नव्हती. त्यांनी आणखी मुद्रणं ऐकली, बाकीच्या बोटींची. सगळीकडे तेच. खणखणीत, बिनचूक, जसंच्या तसं. पूर्वी रेडिओवर हुज्जत चालायची. काय म्हणालात, पुन्हा सांगा, मला समजलं नाही, असले दहा अडथळे. बाई त्याबद्दल गुण कापायच्या. आता समजलं नाही असं अख्ख्या बंदरात कुणीच म्हणत नव्हतं. सूचना जायची आणि तिचा पडसाद यायचा. विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं. आणि काका समाधानाने ‘शाब्बास’ म्हणायचा, कारण तोही आता अर्थ ऐकत नव्हता, नुसतं जुळतंय का एवढंच बघत होता. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

शनिवारी बाईंनी पत्र लिहिलं. आपण एका नातेवाइकाला पात्र नसताना उत्तीर्ण केलं, त्यानंतर आणखी सात जणांना, सगळ्यांची प्रमाणपत्रं थांबवावीत, वगैरे. लिहिताना आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी त्यांची गत झाली. पत्र दिलं की बावीस वर्षांची अब्रू जाणार, ते एक वेळ सोसलं असतं. पण मेहुणे धक्क्यावर दोर ओढायला लागणार आणि धाकटीचं दार कायमचं बंद होणार. नाही दिलं तर काय होईल, ते लिहायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. शनिवारी अर्धा दिवस, अधिकारी निघून गेलेले. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच, असं त्यांनी ठरवलं. रविवारभर त्या स्वयंपाकघरातले डबे घासत राहिल्या.

सोमवारी सकाळी नऊला त्या बंदरावर पोचल्या तेव्हा कचेरीचा दिवा पाच पावलांवरून दिसत नव्हता. असं धुकं या किनाऱ्यावर कित्येक वर्षांत पडलं नव्हतं. धक्क्यावरच्या माल उचलायच्या याऱ्या गुडघ्यापर्यंतच उरल्या होत्या, वरचं सगळं गायब. अधिकारी बैठकीत होते, अर्धा तास लागेल म्हणाले. बाईंना खालच्या खोलीत बसवेना. त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

काचेच्या खोलीच्या चारी भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. काका पडद्यासमोर बसून खुशाल खारी खात होता. बसा बाई, आज खिडकीला सुट्टी, तो म्हणाला. पडद्यावर फारसं काही नव्हतं. बाहेर नांगर टाकलेली दोन मोठी जहाजं. एक छोटा ठिपका बाहेरून आत येणारा, तो पायलट लाँच. पायलटला जहाजावर चढवून, तांडेलाला एकट्याला घेऊन परत निघालेली. आणि एक जाडसर ठिपका आतून बाहेर जाणारा, ती गाळाने भरलेली बोट. दोघांच्या मधे अरुंद वाट. दोन्ही बाजूंना वाळूचे बांध.

“ते धुक्यात कशाला निघाले?” बाईंनी विचारलं.

निघाले तेव्हा एवढं नव्हतं, काका म्हणाला, आणि त्याने लाँचला सूचना दिली. इन्स्ट्रक्शन. वाटेच्या तोंडाशी थांबा, गाळबोट बाहेर येईपर्यंत आत शिरू नका. लगेच मेहुण्यांचा आवाज आला. इन्स्ट्रक्शन. वाटेच्या तोंडाशी थांबा, गाळबोट बाहेर येईपर्यंत आत शिरू नका. काकाने खारीचा दुसरा तुकडा चहात बुडवला.

बाई पडद्याकडे बघत होत्या. छोटा ठिपका वाटेच्या तोंडाशी आला आणि थांबला नाही. आत शिरला.

“काका, ते थांबले नाहीत.”

“सांगितलंय त्यांना. परत पण म्हटलं. जरा वेग मारत थांबतील.”

तेवढ्यात गाळबोटीवरून आवाज आला. बाईंनी ओळखला, छाती काढून नाव विचारणाऱ्या दाढीवाल्याचा. तो लाँचला हाक मारत होता. इन्टेन्शन. मी वाटेच्या मधून येतोय, तुम्ही बाजूला व्हा. पाठ केलेल्यातलंच वाक्य, जागा मात्र अगदी बरोबर निवडलेली. त्याच्यामागे क्षणभर खरखर. मग मेहुण्यांचा शांत, सुटा सुटा उच्चार. इन्टेन्शन. मी वाटेच्या मधून येतोय, तुम्ही बाजूला व्हा. दाढीवाल्याच्या कानावर एक वाक्य पडलं, आणि कानावर पडलेल्या वाक्याचं जे करायचं ते त्याने केलं. परत दिलं. मेहुण्यांनी ते परत दिलं. चार वेळा ते वाक्य पांढऱ्या अंधारात इकडून तिकडे गेलं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही ठिपके थोडे जवळ आले.

“बघा,” काका म्हणाला, “एक अक्षर इकडचं तिकडे नाही.”

बाईंनी त्याच्या खांद्याला धरून त्याला हलवलं. ते एकमेकांना बाजूला व्हा म्हणतायत आणि कुणीच होत नाहीये, त्यांना काही कळत नाही, दोघांनाही, मला माहीत आहे, मीच पास केलंय त्यांना. काकाच्या हातातली खारी चहात पडली. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच खरंच पाहिलं. मग त्याने माइक ओढला आणि इंग्रजीत ओरडला, वॉर्निंग, थांबा, दोघेही थांबा. एकापाठोपाठ एक दोन आवाज आले. वॉर्निंग, थांबा, दोघेही थांबा. काकाच्या आवाजातली घाबरगुंडीसुद्धा त्यांत उतरली होती. ठिपके चालतच होते.

बाईंनी त्याच्या हातातून माइक घेतला. रेडिओवर आपली भाषा बोलायची नाही, हा नियम मोडल्याबद्दल त्यांनी कित्येकांचे गुण कापले होते. त्यांनी बटण दाबलं आणि आपल्या भाषेत, घरात बोलतात तशा म्हणाल्या,

“अहो, मी ताई बोलतेय. इंजिन बंद करा. समोर गाळबोट आहे. मागे फिरा.”

आणि बटण सोडलं. रेडिओ खरखरला. त्या दोन सेकंदांत बाईंना वाटलं, सुटलो. ही तर त्यांच्या आईची भाषा, लहानपणापासून हाका मारण्याची, जेवायला बसण्याची. ती कुणाला समजावून द्यावी लागत नाही.

“अहो, मी ताई बोलतेय,” मेहुण्यांचा आवाज आला, स्वच्छ, एकेक शब्द सुटा. “इंजिन बंद करा. समोर गाळबोट आहे. मागे फिरा. ओव्हर.”

लहान ठिपका तसाच पुढे सरकला.

“अहो, ऐका ना,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. “परत म्हणू नका. थांबा. तिची शपथ आहे तुम्हाला, थांबा.”

“अहो, ऐका ना. परत म्हणू नका. थांबा. तिची शपथ आहे तुम्हाला, थांबा. ओव्हर.” फाटलेला आवाजही त्यात आला. आणि त्याच्या पाठोपाठ दाढीवाल्याचा घोगरा स्वर, तितकाच मन लावून, तितकाच अदबीने. “अहो, ऐका ना. परत म्हणू नका. थांबा.”

बाईंनी पुन्हा बटण दाबलं. आणि ते दाबूनच धरलं. बटण दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं काही ऐकू येत नाही, यंत्रच तसं असतं. खोलीत शांतता होती. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांना लागले. काका उभा राहिला आणि काचेच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिला, जणू तिथे काही दिसणार होतं.

“बाई,” थोड्या वेळाने तो हलक्या आवाजात म्हणाला, “बटण सोडा. ते हाक मारत असतील.”

बाईंनी बटण सोडलं नाही.